माठाच्या फडक्यातली वायर

नंद्या, आधी तुला पोटभर शिव्या घालणार आहे. रडणं-बिडणं नंतर. घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण तुझं चांगलंच बोलून जातोय. किती शांत माणूस, कधी कुणाला त्रास नाही, कधी आवाज चढवला नाही. ऐकून ऐकून कान किटले माझे. शांत म्हणे! तुझ्या त्या शांतपणानंच आमचा घात केला, हे मी कुणाला सांगू? भिंतीवर तुझा फोटो लावलाय, हार घातलाय, आणि फोटोतसुद्धा तू तसाच हसायलास, काही खोदून विचारलं की हसायचास तसा. एकदा तर उतरवून कपाटात ठेवावा असं वाटलं. संगीताकडं बघून राहू दिला.

तुझा तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. संगीता म्हणाली, "अक्का, तेवढा माठ बदलायचा राहिलाय की." सुतक फिटलं की जुना मातीचा माठ घरात ठेवत नाहीत, हे तुला ठाऊक आहे, आईच्या वेळी तूच नेऊन टाकला होतास. घर धुऊन झालं होतं, अंथरुणं-पांघरुणं वाळत पडली होती, पण माझ्या टेबलाशेजारच्या तिवईवरचा माठ कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तुझ्या बायकोचे डोळे रडून सुजलेले, तिला कुठं उचलायला लावू? मीच उठले. माठ कडेवर घेतला आणि टेबलाच्या मागून काहीतरी ताणल्यासारखं झालं.

वायर होती. काळी, सुतळीपेक्षा बारीक. माठाला गुंडाळलेल्या, आता वाळून गेलेल्या फडक्यात, भिंतीकडच्या बाजूनं खोचलेली, आणि निसटू नये म्हणून वरून दोऱ्याचे वेढे दिलेले. दोरा माझ्याच शिवणाच्या डब्यातला. मी माठ खाली ठेवला, वायर ओढत ओढत गेले, तर ती माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागच्या भोकातून आत शिरलेली. तुझ्यामागं मशीन त्या सकाळी पहिल्यांदाच चालू केलं होतं. पुढच्या पॅनलवर तेहतीस दिसत होतं. रोज एकोणतीस दाखवणारं मशीन तेहतीसवर गेलेलं बघून, तू गेलास म्हणून बिचारं तापलंय, असंच वेड्यासारखं आलं होतं माझ्या मनात. आता वायरीचं टोक मुठीत धरलं, आणि आकडा चढायला लागला. चौतीस, पस्तीस. माझ्या मुठीची ऊब दाखवत होता तो. मग लख्ख प्रकाश पडला डोक्यात. वर्षभर मी मशीनचं म्हणून जे तापमान बघत होते, ते माठाचं होतं.

अरे गाढवा! अरे लबाडा! स्वतःच्या सख्ख्या बहिणीला माठाच्या पाण्याचं तापमान दाखवत होतास?

एवढ्या मोठ्यानं ओरडले की संगीता स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन पळत आली. तिला वाटलं मला काहीतरी झालं. मी तिला वायर दाखवली, तिला काही कळेना. तिला समजावून सांगताना मला हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेचना. तुझ्या तेराव्यापर्यंत डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं मी. सगळे म्हणत होते अक्का दगडाची आहे. दगडाला फोडलंस बघ एका वायरीनं.

आधीचं मशीन कसं गेलं ते विसरलास का रे? मी आयुष्यभर ग्राफच्या कागदावर चादरीचे आणि टॉवेलचे नमुने काढले, चौकोन रंगवून रंगवून डोळे गेले. मग कारखान्यांनी कागद घ्यायचं बंद केलं, सगळं कॉम्प्युटरवर पाहिजे म्हणाले. लोक मला म्हणाले, अक्का, आता विश्रांती घ्या. तू एकटा म्हणालास, "विश्रांती कशाला, शीक की." सुटे भाग जमवून मशीन बांधलंस, माऊस धरायला शिकवलंस, मी चुकले की "पुन्हा" एवढंच म्हणायचास. आणि ऐन वैशाखात, मोराच्या बॉर्डरचं काम संपत आलेलं असताना ते मशीन फटकन बंद पडलं. वर हात ठेवला तर तवा. उघडून बघितलं तर मागच्या गल्लीतल्या लूमच्या शेडमधून उडणारा कापसाचा धुरळा आत इतका साठलेला की उशी भरता आली असती. माझा मोर गेला. पुन्हा पहिल्यापासून पिसं काढत बसले.

म्हणून तर हे दुसरं मशीन बांधताना तू तो फॅन कंट्रोलर आणलास. चार नॉब, मधे निळ्या उजेडात आकडा. लहान पोराला खेळणं मिळाल्यावर होतं तसं तोंड झालं होतं तुझं. "बघ अक्का, पुढचे दोन पंखे हवा आत ओढणार, मागचा आणि वरचा बाहेर टाकणार. एकेकाचा नॉब येगळा. फिरवला की वेग कमी-जास्त. आणि ह्या वायरच्या टोकाला सेन्सर हाय. जिथं लावशील तिथलं तापमान सांगतो." जिथं लावशील तिथलं! माझ्या तोंडावर सांगितलं होतंस आणि माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते झालंच. मी चारही नॉब पूर्ण फिरवायची. मला मोराची धास्ती. तू आलास की चारही मागे. "अक्का, पंखा जेवढा जोरात, तेवढा कापूस आत. हळू फिरू दे की, हवा कमी येईल पण धुरळाबी कमी येईल." मी म्हणायची, हळू पंख्यानं काय वारा लागणार, उन्हाळा आहे का चेष्टा! तू म्हणायचास, लई जोरात फिरवून आठ दिवसांत गाळणी तुंबवण्यापेक्षा हळूच बरं. पुढच्या पंख्यांवर संगीताच्या जुन्या ओढणीचा तुकडा ताणून लावला होतास, तीच आपली गाळणी. आणि खरं कारण तर वेगळंच होतं. तरुणपण लूमच्या खटखटीत गेलेलं तुझं, घरात तुला जरा आवाज सहन व्हायचा नाही. मिक्सर लागला की गच्चीवर जायचास. ते चार पंखे पूर्ण वेगानं घोंघावायला लागले की कपाळाला आठ्या. मी म्हणायची, कापसाचं निमित्त कशाला सांगतोस, सरळ सांग की आवाज होतो. तू हसायचास.

मग संगीताच्या पाकिटातल्या चार लाल टिकल्या आणून नॉबभोवती चिकटवल्यास. "टिकलीच्या पुढं जायचं न्हाय." मी जाणारच. दसऱ्याला तू मशीनची पूजा केलीस, झेंडूचा हार घातलास, आणि मी पंखे फुल्ल ठेवले होते, तर गाळणीच्या कडेनं पाकळ्या आत ओढल्या जाऊन कटकट कटकट सुरू झालं. हातात आरतीचं ताट घेऊन तू माझ्याकडं असं बघितलंस! "घे, देवबी वैतागला तुझ्या वाऱ्याला." चिमट्यानं पाकळ्या काढत दोघं फरशीवर बसलो होतो, आणि संगीता ओरडत होती की पुरणपोळी गार होतेय. ते आठवलं की अजून हसू येतं. आणि हसू आलं की संताप येतो, की हा माणूस असा सोडून गेलाच कसा.

त्यानंतरच कधीतरी तू तो डाव केलास. एक दिवस मला हाक मारलीस, म्हणालास, "टिकलीवर ठेवलेत पंखे. आता आकडा बघ." आकडा एकोणतीस. मला पटेना. बाहेर ऊन रणरणत होतं, आपण दोघं घामानं निथळत होतो. "खोलीत आपण भाजून निघायलोय आणि हा डबा आत गार? असं कसं?" मी विचारलंच होतं. विचारलं नव्हतं असं म्हणू नकोस. तर तू काय म्हणालास? "त्याला चार पंखे हायत की अक्का. आपल्याला एकच." आणि मी ऐकून घेतलं! शिकलेली बाई मी, ग्राफवर एक चौकोन चुकला तर लांबून ओळखणारी, आणि मला हे पटलं. त्यानंतर नॉबला हात लावला नाही. भांडण मिटलं, खोली शांत झाली. आकडा बघायची आणि कामाला लागायची.

आणि तो माठ! संगीता म्हणत होती स्वयंपाकघरात ठेवू, तर तू ऐकलं नाहीस. "ऱ्हाऊ दे हितंच, अक्काला पाण्यासाठी उठावं लागतं, गुडघे दुखतात तिचे." रोज सकाळी स्वतः भरायचास, फडकं स्वतः ओलं करायचास, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. माझा ऊर भरून यायचा रे. मैंदर्गीच्या मावशीला फोन करून सांगितलं मी, भाऊ असावा तर असा. आता त्या मावशीला कोणत्या तोंडानं सांगू, की माठ माझ्या गुडघ्यासाठी नव्हता, त्या वायरीसाठी होता?

की दोन्हीसाठी होता? सांग ना. आता हसू नकोस, सांग.

मग मी काय केलं ऐक. स्क्रू ड्रायव्हर घेतला. तुझ्या पाठीमागं उभी राहून इतक्यांदा बघितलंय, तेवढं मला येतं. बाजूचा पत्रा काढला. आत धुरळा होता, पण अगदी पातळ, फुंकर मारली की उडेल एवढाच. वायर आत घेतली आणि प्रोसेसरच्या वरच्या त्या जाळीदार धातूला, जिथं ती असायला हवी होती तिथं, चिकटपट्टीनं नीट बसवली. मशीन चालू केलं. माझं सगळ्यांत जड काम लावलं, पूर्ण चादरीचा नमुना, सगळे रंग. नॉब तुझ्या टिकल्यांवर होते तसेच ठेवले. आकडा चढायला लागला. चाळीस, पन्नास. माझा जीव मुठीत. पंचावन्न. अठ्ठावन्न. आणि थांबला. बसून राहिले, चहा झाला, संगीताशी बोलून झालं, तरी अठ्ठावन्नच. सत्तरच्या वर गेलं तर काळजी करायची, असं तूच सांगितलं होतंस पहिल्या दिवशी.

म्हणजे तू बरोबर होतास! पंखे हळू फिरवूनही मशीन ठीक होतं. तुझ्या टिकल्या बरोबर, तुझा हिशेब बरोबर, कापसाचं म्हणणं बरोबर. खरी जागा दाखवून खरा आकडा दाखवला असतास तरी तूच जिंकला असतास. मी आधी आरडाओरडा केला असता, अठ्ठावन्न बघून कपाळावर हात मारून घेतला असता, चार दिवस तुझं डोकं खाल्लं असतं, आणि मग गप्प बसले असते. तेवढे चार दिवस तुला नको होते. तेवढ्यासाठी वर्षभर मला माठ दाखवलास. खरं सांगून भागत असताना खोटं बोलणारा माणूस मी तुझ्याशिवाय दुसरा बघितला नाही.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरचे डॉक्टर भेटायला आले. बाहेरगावी होते, तू गेल्याचं त्यांना उशिरा कळलं. संगीतानं पाणी दिलं, ते घेतलं. मग म्हणाले, "ताई, मी त्यांना मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. ते तुम्हाला काही बोलले नाहीत?"

मी म्हटलं, आम्हाला सांगितलं की सगळं नॉर्मल आहे. पित्त आहे म्हणाला.

"पित्त नव्हतं. हृदयाची एक नळी तुंबली असणार, तपासून घ्या, लागलं तर उघडता येते, घाबरण्यासारखं काही नाही, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. लग्नसराई होऊ दे, मग जातो, म्हणाले. अक्काला कळलं तर ती काम बंद करून माझ्या उशाशी बसेल, म्हणाले."

हो, बसले असते! उशाशीच बसले असते. हात धरून ओढत नेलं असतं तुला दवाखान्यात, रिक्षात भांडत नेलं असतं. आहेराच्या टॉवेलचे नमुने गेले असते खड्ड्यात. कारखान्याचा मालक दुसऱ्या कुणाकडून काढून घेतले असते, टॉवेल-टोपीवाचून कुणाचं लग्न अडतंय? माझे गुडघे दुखतात म्हणून माठ जवळ ठेवणारा माणूस, आणि स्वतःची छाती दुखतेय हे लिंबू सोड्यात बुडवून टाकतोस? उघडता येत होती म्हणे नळी. घाबरण्यासारखं काही नव्हतं म्हणे. नंद्या, इथंसुद्धा खरं सांगून भागत होतं रे. आरडाओरडा झाला असता, चार दिवस डोकं खाल्लं असतं तुझं. एवढंच झालं असतं.

त्या दुपारचं मी कुणाला बोलले नाही. तुलाच सांगते. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होतास, काहीतरी दुरुस्त करत. मी बॉर्डरच्या कोयऱ्या जुळवत होते. तू माठातलं पाणी घेतलंस, थोडं मला दिलंस, आणि म्हणालास, "जरा आडवा होतो, अक्का." मी मान वर न करता "हं" म्हटलं. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती, अशी शांतता करून ठेवली होतीस तू. कण्हला असतास तर ऐकू आलं असतं. पलंगावर नुसता हात आपटला असतास तरी आलं असतं. मी समोर बघितलं तेव्हा आकडा एकोणतीस होता. सगळं कसं छान चाललंय, असं वाटलं मला. मग संगीता तुला चहाला उठवायला गेली.

बझरचं पण सांगायचंय. त्या कंट्रोलरला बझर आहे, हे मी विसरूनच गेले होते. तापमान वाढलं, पंखा अडकला, की टीं टीं वाजतो. पहिल्याच आठवड्यात एकदा वाजला होता, मी धावत आले, तर तू आधीच पोचून तो बंद करत होतास. "घरात बोंब नको," म्हणालास. तेव्हापासून बंदच. परवा पॅनलवरची ती घंटेची खूण दाबून दाबून मी चालू केला. संगीता म्हणाली, "अक्का, ह्यांना आवडायचं न्हाय." मी म्हटलं, नसू दे आवडत.

आज दुपारी वीज गेली, तासाभरानं आली. बाहेर पानही हलत नव्हतं. मशीन चालू करून मी उरलेल्या कोयऱ्या घेतल्या होत्या, ही ऑर्डर तू म्हणालास म्हणून पुरी करतेय, तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मागच्या शेडमध्येही वीज येताच सगळे लूम एकदम सुरू झाले होते आणि कापूस नुसता तरंगत होता. आणि तो वाजला. टीं टीं, टीं टीं. एवढासा डबा, पण काय बोंब मारली! संगीता आतून दचकून आली. मी गुडघा धरत उठले. उठताना तोंडातून आपोआप गेलं, "आले रे, आले, थांब."

पुढची ओढणी कापसानं पांढरी झाली होती, तुझ्याविना कुणी धुतली नव्हती ती. काढली, मोरीत नेऊन खळखळून धुतली, पिळली, झटकली, परत ताणून लावली. पुढचे दोन नॉब तुझ्या टिकलीच्या जरा पुढं नेले. जरासेच. एकाहत्तर होतं, ते पासष्टवर आलं, मग साठवर. बझर गप्प झाला. नॉब परत तुझ्या टिकल्यांवर आणून ठेवले. काही बिघडलं नाही रे, नंद्या. कामाचा एक चौकोनही हलला नाही. मला उठावं लागलं, गुडघे दुखले, संगीता घाबरली, शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून विचारलं काय झालं म्हणून. एवढंच झालं.

नवा माठ आणलाय. तिवईवर तिथंच ठेवलाय, तू ठेवायचास तिथं. फडकं मीच ओलं करते. टिकल्या तशाच आहेत, त्या काढणार नाही. तुझा फोटोही राहू दे भिंतीवर, हस तिथून किती हसायचंय ते. पण बझर मी बंद करणार नाही. तो वाजला की मी उठणार, दर वेळी उठणार. तू एकदा वाजायचं होतंस, नंद्या. एकदाच. मी शेजारीच बसले होते.